अंगवळणी

पहिल्या आठवड्यात वाटायचं, अख्ख्या ओकमल्गीला दिसतंय.
किराणा दुकानात वरच्या फळीवरचा मक्याचा डबा
एका पोराला काढून द्यायला सांगितला, हात वर नको म्हणून.
काउंटरपाशी नाणी सांडली, ती तशीच सोडली,
वाकायला नको म्हणून.
शर्ट सारखा खाली ओढत राहिले,
दिवस गेल्याचं अजून कुणाला सांगितलं नसलेल्या बाईसारखा.

शिकवणारा, ट्रॉय रुडिसिल, म्हणाला होता,
"कुणी बघत नाही, मार्व्हा. तुझा हातच तुझी चहाडी करेल.
हाताला दुसरं काम दे."

हाताला काम आहेच. एकतीस वर्षं मी पियानो लावते.
दोन तारा एका सुराच्या जवळ आल्या
की त्यांच्यात एक लहर उठते, वाँव, वाँव,
मी किल्ली केसभर फिरवते
आणि ती लांबत, विरत, ऐकू येईनाशी होते.
तेवढ्याचेच पैसे घेते मी.
आता कळपट्टीखाली डोकं घातलं की
कमरेवरचं पोलाद बरगडीत रुतायचं
आणि चामडं करकरायचं. दुसऱ्या कुणाला नसेल ऐकू येत.

का, ते सांगते.
फेब्रुवारीत बेग्जच्या रस्त्यावर व्हॅन बंद पडली.
मागे एक ट्रक थांबला, दोघं उतरले.
मदतीलाच आले असतील.
एकाने माझी हत्यारांची पेटी उघडली,
न विचारता, सावकाश, एकेक किल्ली उचलून बघितली.
"यातलं काय विकलं जातं?" एवढंच म्हणाला.
मग बॅटरीची तार घट्ट करून दिली आणि गेले.
काही झालं नाही. पोलिसात सांगावं तर काय सांगायचं?
घरी येऊन मी त्या किल्ल्या धुतल्या. साबणाने.

तर, तीन पट्टे झाले. दोन होल्स्टर.
पँट एक माप मोठी. चर्चमध्ये उजवीकडचं टोक,
भिंतीलगत. सीटबेल्ट लावायची नवी पद्धत.
नातवाला उचलायचं ते डाव्या बाजूने.
आणि मग एक दिवस दुपारी तीनला
ध्यानात आलं की सकाळपासून ध्यानात नव्हतं.
ट्रॉयला फोन केला. "झालं तर मग," तो म्हणाला,
"पडलं अंगवळणी." आवाजात अभिनंदन होतं.
मी म्हटलं, "हो." भांडी घासायला घेतली.

आयोनी पेटिबोन, वय शहाऐंशी,
मजुरीबरोबर पिशवीभर पेकान देते, आणि मिठी.
सप्टेंबरात तिचा हात माझ्या पाठीवरून खाली आला
आणि थांबला. डोळे नसलेल्या माणसासारखी
बोटं एकदा त्याच्या कडेवरून फिरली.
काही बोलली नाही.
पियानो छान वाजतोय, म्हणाली.
मार्चमध्ये गेले, तेव्हा पेकान टेबलावर काढून ठेवलेले होते,
आणि ती टेबलाच्या पलीकडे.

शाळेत न्यायला बंदी आहे.
म्हणून ऑगस्टमध्ये, शाळेचा पियानो लावायच्या दिवशी,
ते सीटखालच्या पेटीत, कुलपात ठेवते
आणि अंगण ओलांडून जाते. अंगण फारसं मोठं नाही.
उजवी बाजू इतकी हलकी होते की
मी डावीकडे कलून चालते, बादली सांडलेल्या बाईसारखी.

खालच्या तीन पट्ट्यांना कुणीतरी जेली लावली होती.
मी पुसत होते. एक मुलगा दारात उभा होता,
दात पडलेला, बुटाची नाडी सुटलेली.
"तुझं काय हरवलंय?" त्याने विचारलं.

हात कमरेवर होता. केव्हा गेला, माहीत नाही.

"काही नाही," मी म्हटलं. "इकडे ये. हे ऐक."
मधल्या सुराच्या दोन तारा छेडल्या,
त्याने कान लाकडाला लावला, डोळे मिटले.
"हलतंय," तो म्हणाला.